सव्वीस जानेवारीचा शिरा

४ जानेवारी १९८७, रविवार
आज चिठ्ठी काढली आणि घोळ झाला. घोळ माझ्याच हातचा.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला चाळीच्या अंगणात सकाळी झेंडा आणि मग सत्यनारायण. पूजेला कुठलं जोडपं बसणार ते चिठ्ठीने ठरतं. चिठ्ठ्या साळवीकाका लिहायचे, ते यंदा मुलाकडे बोरिवलीला राहायला गेले. माझा नवरा दत्ता कमिटीचा सेक्रेटरी, म्हणजे काम बायकोचं. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाला. मी वर्गणीची वही समोर ठेवली, खोली नंबर एकपासून सगळी नावं लिहिली आणि बिस्किटाच्या डब्यात टाकली. वर्गणी सगळे देतात, तर नावं सगळ्यांची. याच्यापलीकडे डोक्यात काही नव्हतं.

दत्ताने डोळे मिटून डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली, वाचली, परत घडी घातली.
"अरे बोल ना," सावंत म्हणाले.
"चौदा. गायकवाड."

चौदा नंबर म्हणजे शालिनी, तिचा नवरा गौतम आणि सासरे आप्पा. ते बौद्ध. पलीकडच्या टोकाच्या सहाही खोल्यांत बौद्धच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की साळवीकाका इतकी वर्षं त्या सहा चिठ्ठ्या लिहीतच नव्हते.

कोणीतरी खाकरलं. कोणीतरी म्हणालं, "ते कसे बसतील? परत काढ रे." दत्ताने ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि दुसरी काढली. दोन नंबर, सावंत. टाळ्यासुद्धा वाजल्या.

शालिनी नळावर बादली भरत होती. तिने सगळं पाहिलं. नळ बंद केला, बादली अर्धीच घेऊन घरात गेली आणि दार लावलं. चाळीत दिवसा दार कोण लावतं?

दर रविवारी संध्याकाळी आम्ही बायका टीव्हीवरच्या सिनेमाला चौदात जमतो, आज कोणी गेलं नाही. आवाज मात्र येत होता.

५ जाने.
सकाळी शालिनी (पुढे शा. लिहीन, हात दुखतो) माझ्यासाठी थांबली नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजला, मी शाळेत, स्टेशनपर्यंत रोज बरोबर. आज एकटीच गेली.

संध्याकाळी मीच गेले. दारातच बोलणं.
"तुमची नावं डब्यात नसायची हे मला ठाऊकच नव्हतं गं."
"मला ठाऊक होतं."
"मग कधी बोलली का नाहीस?"
"काय बोलू? आमचं नाव घाला, म्हणजे आम्हाला नको म्हणता येईल?"
"म्हणजे बसणार नव्हतातच?"
"कसे बसू? आप्पांनी दीक्षा घेतली तेव्हाच शपथ घेतली, देवदेव नाही. पण सुमन, नको आम्ही म्हणायचं होतं. चिठ्ठी खिशात घालणारे भावजी कोण?"

मी म्हटलं, तुम्हाला अवघड होऊ नये म्हणून घातली असेल. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

बसायचं नव्हतं आणि तरी राग आला. मला तो राग कळतो. समजावून सांग म्हटलं तर सांगता येणार नाही.

७ जाने.
नववी ब, नागरिकशास्त्र. नेमका आजच तो धडा यावा! मी फळ्यावर लिहिलं: "आपल्या देशात अनेक धर्म, भाषा, प्रांत आहेत. राज्यघटना त्या सर्वांना एकत्र ठेवते." दहा वर्षं हेच लिहितेय. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, एकत्र ठेवते म्हणजे कसं? बांधून?"

वर्ग हसला. मी म्हटलं, बांधून नव्हे, नियमांनी. "आणि नियम कोणी पाळले नाहीत तर?" मग पोलीस, कोर्ट वगैरे सांगितलं. मुलगी बसली, पण समाधान झालेलं नव्हतं. माझंही नव्हतं. घरी दत्ता पेपर वाचत होता, पंजाबच्या बातम्या. "देश फुटायला आलाय आणि आपल्या चाळीत चिठ्ठ्यांवरून तोंडं फिरवून बसलेत," म्हणाला. मी म्हटलं, फुटत असेल तो असाच फुटत असेल. पेपर आपटून आंघोळीला गेला.

११ जाने., रविवार
मीटिंग. गौतमने मागितली होती. तो बँकेत आहे, बोलतो मोजकं, पण आज कागदावर मुद्दे लिहून आणले होते.

म्हणाला, "हा दिवस घटनेचा. त्या दिवशी हा देश कसा चालायचा ते ठरलं. आपल्याकडे झेंडा दहा मिनिटं आणि पूजा दुपारभर. घटना कुठे आहे? त्या दिवशी घटनेचा सरनामा वाचा. पूजा तुमची, आनंदाने करा, पण दुसऱ्या दिवशी."

मग जो गोंधळ उडाला! परबांचं म्हणणं, पूजा सव्वीसला असते कारण सुट्टी असते, दुसरं काही कारण नाही. खरं आहे ते. इतकी वर्षं मलाही वाटायचं, काहीतरी मोठं कारण असेल. सावंत म्हणाले, मुलुंडचे भटजी सव्वीसला पाच पूजा करतात, स्कूटरवर फिरतात, त्यांना दुसरा दिवस सांगितला तर ते ओळखसुद्धा देणार नाहीत. दत्ता म्हणाला, "तुमच्या एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही वर्गणी देतोच ना? तेव्हा कधी विचारलं काय वाचता, काय नाही?"

"देता," गौतम म्हणाला. "येता का?"

मी एकदाच गेलेय, ते शा.ने ओढत नेलं म्हणून.

मग सावंत म्हणाले, मी काय पूजेला बसत नाही, दुसऱ्याच्या नावावर निघालेलं मला नको. झालं. आता यंदा सेक्रेटरीनेच बसायचं ठरलं. म्हणजे दत्ता आणि मी.

शेवटी गौतम उठला. "ठीक आहे. मग आमचा झेंडा आम्ही आमच्या टोकाला लावतो."

एका अंगणात दोन झेंडे. तसा झेंडा एकच आहे, दोनदा लावला तर काय बिघडलं? बिघडतं. का, ते सांगता येत नाही, पण बिघडतं.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ घेऊन चौदात गेले. शा. ड्यूटीवर. मुद्दाम ड्यूटी घेतली असणार, मी ओळखते तिला. आप्पा खाटेवर बसले होते. तिळगूळ घेतला, कपाटातून साखरफुटाण्यांची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

चाळीत झेंडा दरवर्षी आप्पाच फडकवतात. सगळ्यांत वडील माणसाने फडकवायचा अशी पद्धत, ती कोणी पाडली माहीत नाही. झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ते स्वतः भरतात. दोरी ओढली की पाकळ्या खाली पडतात आणि पोरं ओरडतात.

"आप्पा, यंदा?" मी विचारलं.
"यंदा गौतम म्हणतो इकडचा ओढा. तुझा नवरा काल येऊन म्हणाला तिकडचा ओढा."
"मग?"
"दोन्हीकडे ओढला तर दोघं म्हणतील, याला पाठीचा कणा नाही. एकीकडे ओढला तर..." गुडघ्यावरून हात फिरवला. "पाय दुखतात म्हणून सांगीन. घरात बसेन."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, जिन्याजवळ. म्हाताऱ्या माणसाने त्या दिवशी घरात बसायचं, ते आमच्यापायी. काही झालं तरी आप्पा घरात बसता कामा नयेत.

१८ जाने.
पलीकडच्या टोकाला गौतमने आणि त्या बाजूच्या पोरांनी खड्डा खणला. बांबू भिंतीला टेकवून ठेवलाय. दत्ता गॅलरीतून बघत उभा, चहा गार झाला.

"जा, बोल त्याच्याशी," मी म्हटलं.
"मी काय चूक केली?"
"चिठ्ठी खिशात घातलीस."
"नावं तू घातलीस!"
हे मात्र खरं. न घालणारे साळवीकाका चांगले ठरले, कारण कोणाला कळलंच नाही. घालणारी मी वाईट.

तरी रागाने गौतमकडे मीच गेले. दारात उभं राहून विचारलं, नक्की काय हवंय? पूजेत बसायचं नाही, पूजेत नाव नाही म्हणून राग. माझ्या टाळक्यात शिरत नाही.

गौतम चिडला नाही. "वहिनी, घटना आम्हाला तुमच्या पाटावर बसवत नाही. ती फक्त म्हणते, रांगेत सगळे. बसायचं की उठायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं."
"मग रांगेत तर घातलं मी!"
"तुम्ही घातलंत. तुमच्याबद्दल तक्रार कुठे आहे? दत्ताने काढलं. आणि काढताना त्याला वाटलं की तो आमचं भलं करतोय. त्याने नुसतं विचारायचं होतं."

शा. आत भाकऱ्या थापत होती. एकदाही मान वर केली नाही.

नववी ब मधल्या त्या मुलीला आता काय सांगू? नुसतं विचारायचं, एवढ्यावर देश एकत्र राहतो म्हणून? असं लिहिलं तर बोर्डात शून्य मार्क.

२२ जाने.
दत्ताला तीन दिवस कुरतडतेय. "विचारून ये." तो म्हणतो, आता विचारून काय उपयोग, उत्तर माहीत आहे. मी म्हटलं, उत्तर माहीत असलं तरी विचारतात. लग्नात विचारतातच ना? "लग्नात कुठे विचारलं होतं तुला?" म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसले. या आठवड्यातलं पहिलं हसू.

सासूबाई कोपऱ्यातून: "विचारूक काय पैशे पडतत? जा रे." त्यांच्या तोंडून हे येईल असं वाटलं नव्हतं. चौदात त्या कधी पाणीसुद्धा पीत नाहीत.

२५ जाने., रविवार
दत्ता गेला. संध्याकाळी, दिवे लागले तेव्हा. इस्त्रीचा शर्ट घातला. जुन्या शर्टाच्या खिशात ती चिठ्ठी होती, मी कपड्यांबरोबर धुऊन टाकली होती, तिचा लगदा निघाला. मग नुसताच गेला. मी गॅलरीत उभी. दार उघडं होतं, ऐकू येत होतं.

"आप्पा, तुमच्या घरची चिठ्ठी निघाली होती. पूजेला बसणार का?"

आप्पा म्हणाले, "नाही रे बाबा. आम्ही नाही बसणार. पण विचारलंस, बरं केलंस."

दत्ताने झेंड्याचं विचारलं. गौतम म्हणाला, झेंडा एकच लावू, आप्पा फडकवतील, सरनामा शालिनी वाचेल, मग तुमची पूजा. सगळं पटापट ठरलं. मी म्हणणार होते, सुटलो. तेवढ्यात गौतम म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी डब्यात आमचं नाव?"

दत्ता म्हणाला, "बघू."

बघू! मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तरी दुसरं काय बोलले असते? घालायचं तर दरवर्षी त्यांनी नाही म्हणायचं, सगळ्यांसमोर. नाही घालायचं तर साळवीकाकांचंच पुन्हा. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

बांबू अजून भिंतीला टेकलेलाच आहे.

२६ जाने., सोमवार
लिहायला बसलेय पण सुसंगत लिहिता येईल असं वाटत नाही.

झेंडा छान झाला. आप्पांनी पांढरी टोपी घातली होती. पाकळ्या पडल्या, पोरं ओरडली. मग शा. पुढे आली. हातात कागद. पहिलाच शब्द "आम्ही" आणि तिथेच ती थांबली. आम्ही सगळे उभे. मला वाटलं, ती आता कागद ठेवणार आणि जाणार. तिने कागद सरळ धरला आणि परत पहिल्यापासून वाचलं, शेवटपर्यंत, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगते तशा स्पष्ट आवाजात. नाकासमोर बघून. बंधुतेपाशी आली तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. की माझ्या मागे कोणाकडे, कोण जाणे.

मी दहा वर्षं शिकवते ते. आज पहिल्यांदा ऐकलं.

पण खरी गोष्ट शिऱ्याची.

पूजेचा शिरा आमच्याच घरी, सव्वा किलो रवा, मोठं पातेलं. दरवर्षी पूजा झाली की मी प्रसादाची एक वाटी चौदात नेते. शा. हसून घेते, झाकते. ते प्रसाद खात नाहीत हे मला माहीत आहे, मी नेते हे तिला माहीत आहे, वाटीचं पुढे काय होतं ते दोघी बोलत नाही. यंदा मला तशी वाटी नेणं जमेना. आणि न नेणं त्याहून जमेना.

आधी वाटलं, वेगळ्या पातेल्यात थोडा शिरा करावा त्यांच्यासाठी. देवाला न दाखवलेला, नुसता शिरा. पातेलं खाली काढलंसुद्धा. मग ते हातात धरून उभी राहिले. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं. हे शब्द मनात आले. ज्या घरात मी भाकरी खाते त्या घरासाठी वेगळं पातेलं काढायला निघाले होते, आणि तेही प्रेमाने.

पातेलं परत वर ठेवलं. मोठ्या पातेल्यातला शिरा खाली उतरवला, त्यातलाच एक डाव काढून वाटीत घातला, ताटलीने झाकला. नैवेद्याच्या आधी. सोवळ्याची साडी नेसून, उपास करून, ज्या पूजेला मीच बसणार त्या पूजेच्या शिऱ्यातून. आमच्याकडे देवाला दाखवायच्या आधी कोणी चाखतसुद्धा नाही, आणि मी वाटी भरली.

मागे वळले तर सासूबाई दारात.
"माका दिसला ता," म्हणाल्या.
वाटी माझ्या हातातच होती.
त्या पातेल्यापाशी आल्या, डाव घेतला, मी काढलेला खळगा सारखा केला, वरून बेदाणे पेरले. "देवाक खळगो दिसता कामा नये," एवढंच म्हणाल्या आणि तुळशीची पानं आणायला गेल्या.

त्या माझ्या बाजूच्या झाल्या की देवाची लाज राखली, मला कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

पूजा झाली. भटजी स्कूटरवरून गेले. सगळ्यांनी प्रसाद घेतला, मिटक्या मारल्या, यंदाचा शिरा झकास म्हणाले. तो आता प्रसाद होता की नव्हता? माझ्यामुळे सगळ्या चाळीचा बिघडला असेल तर? आणि नसेल बिघडला तर इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते?

वाटी घेऊन गेले. शा.ने दार उघडलं.
"हा आधी काढलाय," मी म्हटलं. "देवाला दाखवायच्या आधी. त्याच पातेल्यातला."
तिने माझ्याकडे पाहिलं, सोवळ्याच्या साडीकडे पाहिलं. मग वाटीकडे.
"सुमन, तुला मी असं कर म्हटलं होतं का?"
"नाही."
"मग मला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. दत्ताला आठवडाभर कुरतडणारी मी, मीही विचारलं नव्हतं.

तिने वाटी घेतली. दोन्ही हातांनी. "ठेव, बघते," म्हणाली. दार लोटलं, पण लावलं नाही. मी जिन्यापर्यंत आले तरी फट तशीच होती.

२७ जाने.
सकाळी शा. स्टेशनपर्यंत बरोबर आली. पाण्याच्या पाळीबद्दल बोललो. शिऱ्याबद्दल ती बोलली नाही, मी विचारलं नाही. आता विचारायला हवं की नको, हेही कळत नाही.

नववी ब मधल्या मुलीने पुन्हा हात वर केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आलं की सांगेन. बाईंना येत नाही हे वर्गाने पहिल्यांदाच ऐकलं.

१ फेब्रुवारी, रविवार
बांबू कोणीतरी नेला. खड्डा तसाच आहे, बुजवलेला नाही. दत्ता म्हणतो गौतम बुजवेल, गौतम म्हणतो कमिटीचं अंगण आहे, कमिटीने बुजवावा. परबांचा पोरगा काल त्यात पाय अडकून पडला.

संध्याकाळी चौदात सिनेमाला गेले. चाळीतल्या चार बायका होत्या, सगळ्या नाहीत. शा.ने सरकून जागा दिली. आमची वाटी तिच्या फडताळात दिसली, घासलेली, पालथी घातलेली. शिरा कोणी खाल्ला, खाल्ला की काय केलं, देव जाणे.

दरवर्षी वाटी दुसऱ्या दिवशी परत येते. आमच्या दोन्ही घरांत रिकामी वाटी परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. यंदा अजून आलेली नाही. त्यात काय घालायचं याचा ती विचार करत असेल.

सासूबाईंनी आज दोनदा विचारलं, "वाटी इली?"